तिवरांची बेणणी

आबा माझ्या गळ्यात पडले ते मी ॲडमिनमध्ये आहे म्हणून. कंपनीत जे जे कोणाचंच नसतं ते ॲडमिनचं असतं. कँटीनमधली झुरळं, बसचे ड्रायव्हर, वाढदिवसाचे केक आणि आबा. वराळ्याला आमची फॅक्टरी, मोटारींच्या दारांना बसवायचं रबर बनवणारी. आबा तिथे कागदोपत्री बागेचे सुपरवायझर होते. हाताखाली एकही माणूस नव्हता, त्यामुळे ते स्वतःवरच देखरेख ठेवायचे आणि कामात कसूर झाली तर स्वतःलाच मोठ्यानं झापायचे. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना रिसेप्शनच्या आधी हिरवळीवर उकिडवे बसलेले आबा दिसायचे, स्वतःशी भांडताना.

गाव कार्ला. डोंगराच्या पायथ्याला त्यांचं भाताचं रान. जन्मभर आवणी आणि बेणणी केलेला माणूस, म्हणजे चिखलात भाताची रोपं लावायची आणि मग त्यात उगवलेलं तण हातानं उपटत बसायचं. या दुसऱ्या कामाचं त्यांच्या बोटांना व्यसन लागलं होतं. बोलता बोलता खाली बसायचे आणि उपटायला लागायचे. कोणाच्या लग्नाला गेलो की सगळे जेवणाच्या रांगेत आणि आबा हॉलच्या लॉनवर. कंपनीची बस उर्से टोलनाक्यावर रांगेत अडकली की हे खाली उतरणार, कडेचं गाजरगवत मुळासकट उपटणार, माती झटकून त्याचा व्यवस्थित ढीग लावणार आणि हात धोतराला पुसत वर चढणार. मागच्या गाड्यांना वाटायचं, सरकारी माणूस आहे. हटकलं की उत्तर ठरलेलं.

"रान साफ पायजे."

कोणाचं रान, कशाला साफ, हे विचारायची सोय नव्हती. विचारलंच तर आपल्याकडे असे बघायचे की आपणही थोडे तणच आहोत.

एकदा मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग चालली होती. कोपऱ्यात साहेबांचं लाडकं बुटकं झाड, कोणी तरी परदेशातून आणून दिलेलं, आणि त्याच्या बुंध्याशी शोभेचं बारीक गवत. आबा पाणी घालायला आले, कुंडीपाशी बसले. साहेब पुढच्या तिमाहीवर बोलत होते, ते पंधरा मिनिटं बोलले. बोलणं संपलं तेव्हा बुंधा स्वच्छ होता आणि ते परदेशी गवत आबांच्या मुठीत होतं. साहेबांचा चेहरा पाहून मला हसू आवरेना. आबांना वाटलं, साहेब कामावर खूश झाले. "आता झाड श्वास घील," एवढं सांगून ते निघून गेले.

माझं त्यांच्याशी कायम वाजायचं ते बुटांवरून. सेफ्टी शूज घातल्याशिवाय आवारात फिरायचं नाही असा नियम. आबा अनवाणी. मी नोटीस काढली, दुसरी काढली, शेवटी स्वतः बूट आणून त्यांच्या पुढ्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी ते बूट नाड्यांची गाठ मारून गळ्यात अडकवून आले. म्हणाले, चिखल पायाला कळतो, बुटाला कळत न्हाई. ऑडिटवाल्यांनी त्यांचा फोटो काढून नेला, आणि मी त्यांना खुलासा लिहून पाठवला. असे त्या बुटांपायी मी चार खुलासे लिहिले आहेत.

तर मग समुद्राचं प्रकरण. मुंबईच्या हेड ऑफिसातून मेल आला की यंदा समाजकार्य म्हणून सर्व प्लँटनी किनारपट्टीच्या रक्षणासाठी खारफुटी लावायची आहे. मावळात समुद्र नाही, असं मी अदबीनं कळवलं. उत्तर आलं, बस करा.

बस केली. स्वयंसेवक हवेत म्हणून बोर्डवर कागद लावला, त्यावर आठवडाभर एकही नाव पडलं नाही. मग प्रत्येक खात्याला आकडा दिला, तेव्हा स्वयंसेवक निर्माण झाले. निळे टी-शर्ट, पाठीवर लाट, छातीवर कंपनीचं बोधचिन्ह. पहाटे पाचला बस निघाली आणि लोणावळ्याला चिक्कीसाठी थांबली. त्या थांब्याला जितका वेळ गेला तितका नंतर झाडं लावायलाही गेला नाही. घाट उतरून रायगडातल्या एका खाडीकाठी पोचलो. ही जागा का निवडली, तर शेजारी रिसॉर्ट होता आणि गाड्या लावायला सोय होती. रोपं पुरवणाऱ्या संस्थेचा माणूस ड्रोन उडवण्यात गुंतला होता. आमच्या लोकांनी बुटाला चिखल लागू नये म्हणून काठावरूनच वाकून वाकून रोपं खोचली, बऱ्याच जणांनी काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट. मग फोटो, मग सुरमईची थाळी. आबांना फावडी उचलायला म्हणून नेलं होतं. वर्ष भरायच्या आधी पाहणी करायला गेलो तेव्हा पिशव्या तेवढ्या जागेवर होत्या, ओळीनं.

याच पाहणीच्या वेळी आबांना एक शोध लागला. खाडीच्या पलीकडच्या तीराला जे गाव दिसत होतं, तिथे त्यांची धाकटी बहीण दिलेली होती. दर भाऊबीजेला ते एसटीनं घाट उतरून जायचे, ओवाळून घेऊन जेवायचे आणि गुरांची धार काढायला संध्याकाळी परत कार्ल्यात. त्यामुळे घरापलीकडे, खाली खाडीकडे त्यांचे पाय कधी गेलेच नव्हते. बहिणीचं दीड एकर भाताचं रान खाडीच्या काठी होतं आणि रान व खारं पाणी यांच्यामध्ये होता फक्त मातीचा एक बांध. तो फुटला तर भरतीचं पाणी रानात, आणि एकदा मीठ बसलं की काही वर्षं तिथे भाताचं नाव नाही. बहिणीच्या घरात बाकी मिळकत अशी नव्हतीच. ती हे दर भाऊबीजेला सांगायची, आणि आबा दर भाऊबीजेला हं हं म्हणत जेवायचे.

आता मात्र त्यांनी माझा पिच्छा पुरवला. रोज सकाळी टेबलाशी येऊन उभे. बाई, यंदा झाडं पल्याडच्या तीराला लावू. बाई, साहेबांना सांगा. मी म्हटलं, आबा, तिकडे रिसॉर्ट नाही. तर सरळ साहेबांकडे गेले आणि थाप मारली की तिकडून सूर्य पाठीमागे येतो, फोटो झकास होतो. साहेबांना पटलं. बहिणीला मात्र एक शब्द कळवला नाही. तिला एकदम दाखवायचं होतं, बघ, तुझ्या बांधाम्होरं भावानं जंगल उभं केलं.

दुसऱ्या वर्षी जूनच्या सुरुवातीला गेलो. ओहोटी होती, बांधापुढे लांबवर चिखल उघडा पडला होता. त्या चिखलात इथे तिथे, कुठे दाट कुठे विरळ, गुडघाभर उंचीची झुडपं उगवलेली. वेडीवाकडी, पानांवर मिठाची पांढरट झाक. आबांनी ते पाहिलं आणि बूट गळ्यातून काढून बांधावर ठेवले. नंतर त्यांनी जे केलं ते आमच्या फॅक्टरीतल्या कुठल्याही मॅनेजरला जमलेलं नाही. अकाउंट्सचे, क्वालिटीचे, कॉम्प्युटरवर बसणारे, झाडून सगळ्यांचे बूट काढायला लावून त्यांनी त्यांना चिखलात उतरवलं आणि एका ओळीत वाकवलं. आधी बेणणी, मग आवणी. बुडाशी धरायचं, हलवायचं, मग वढायचं, असं दाखवत ते पुढे आणि चाळीस निळ्या पाठी मागे. आणि काय सांगू, लोकांना मजा यायला लागली. लावण्यात कसली मजा, उपटण्यात असते. परचेसचा एक माणूस, ज्यानं अकरा वर्षांत स्वतःची खुर्ची सरकवली नव्हती, तो शर्यत लावून उपटत होता. तासाभरात चिखल आरशासारखा. मग आबांनी दोन खुंट ठोकले, मध्ये सुतळी ताणली आणि ती दोरी धरून, पिशव्या फाडून, ओळीत रोपं लावून घेतली. एक रोप दोरीबाहेर नाही.

संस्थेचा माणूस ड्रोनमध्ये बघून म्हणाला की इतकी सुंदर लागवड त्यानं पाहिली नव्हती. खरंच सुंदर होती. भाताच्या खाचरासारखी दिसत होती.

उपटलेल्या झुडपांचा बांधावर ढीग होता. मी आबांना विचारलं, हे काय आहे? ते म्हणाले, तण. मी ढिगाचा फोटो काढला आणि अहवालात घातला. खाली ओळ लिहिली, "अनावश्यक झुडपे काढून किनाऱ्याची स्वच्छता." ही ओळ माझी आहे, आबांची नाही.

मग आबा वर गावात गेले आणि बहिणीला घेऊन आले. ती चहाची किटली घेऊनच आली, भावाबरोबर एवढी माणसं आलीत म्हटल्यावर. बारीक, काटक बाई, भावासारखीच भरभर चालणारी. आबा तिच्या पुढे चालत होते आणि चेहरा इतका फुलला होता की मला त्यांची थट्टा करावीशी वाटली. ती बांधावर आली. ओळींकडे बघितलं. मग किटली खाली ठेवली.

"दादा, हितली तिवरं कुटं गेली?"

आबांना कळलं नाही. कंची, असं त्यांनी विचारलं. तिनं ढिगाकडे बोट केलं. तिवरं म्हणजे खारफुटीच, आम्ही बस करून लावायला आलो होतो तीच. आवाज चढवला नाही, चार लोकांत भावाचा पाणउतारा करायची तिची रीत नसावी. हळूच सांगितलं की तीन वर्षांमागे लाकूडतोड बंद केली, गुरं वळवली, तेव्हा बांधापुढे ही आपसूक उगवली. लाटेचा मार तीच खातात. त्यांच्यासाठी सगळ्या गावानं इथे पाय ठेवायचं सोडलं होतं.

आबा ढिगापाशी बसले. एक तिवर उचललं, खाली उतरून चिखलात खोचलं, भोवतीनं माती दाबली. दुसरं खोचलं. तिसरं. मुळं तुटून लोंबत होती, ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी खोचत राहिले. बसचा हॉर्न वाजला, थाळ्या गार होतील म्हणून लोक ओरडायला लागले. मी त्यांना दोनदा हाक मारली आणि तिसऱ्यांदा मारायचा धीर झाला नाही. बहीण पदर खोचून खाली उतरली आणि त्यांच्या शेजारी बसून तीही खोचायला लागली. ती दोघं तशीच सोडून आम्ही सुरमई खायला गेलो.

त्या पावसाळ्यात, अमावास्येच्या उधाणाला, बांध गेला. आमच्या ओळी आधीच विस्कटल्या होत्या, उधाणानं दोरीसकट नेल्या. आबा सकाळी माझ्या टेबलाशी आले. त्यांची स्वतःची आवणी अर्धी राहिली होती, आणि त्या दिवसांत ते रजा मागायचे ती स्वतःच्या रानासाठी.

"बाई, बांध गेला. खाली जातो."

चार दिवसांनी परत आले तेव्हा पायांवर मिठाचे पांढरे ओघळ होते. बहिणीचं रोप उभ्या उभ्या कुजलं होतं, एवढंच सांगितलं. ती गुडघाभर झाडं राहिली असती तर बांध टिकला असता का? बांधाचं काम बघणारे सरकारी साहेब म्हणाले, बांध जुनाच होता, केव्हा ना केव्हा जाणारच होता. बहिणीचा नवरा म्हणाला, टिकला असता. मी आबांना त्या सरकारी साहेबांचं मत चारचारदा सांगितलं. त्यांनी ते एकदाही ऐकून घेतलं नाही.

आणि हेड ऑफिसच्या स्पर्धेत आम्हाला बक्षीस मिळालं. तिवरं उपटायला कायद्यानं बंदी आहे, हे मला फार उशिरा कळलं. पण ते परीक्षकांनाही ठाऊक नसावं, कारण त्या ओळींचा ड्रोनमधला फोटो पाहून त्यांनी आमच्या प्लँटला किनारा रक्षणाची ढाल दिली. समारंभ लोणावळ्याच्या एका मोठ्या हॉटेलात, थंडीच्या दिवसांत. बाहेर धुकं, आत प्रत्येक टेबलावर शोभेचे शंखशिंपले. साहेबांनी मनाचा मोठेपणा दाखवला आणि खऱ्या शिल्पकाराला वर बोलावतो म्हणून आबांना स्टेजवर घेतलं. निळा टी-शर्ट, खाली धोतर. सूत्रसंचालिकेनं माइक दिला आणि आपला अनुभव सांगा म्हणाली.

आबा म्हणाले, "जी जगायची व्हती ती झाडं मी उपटली. मरायची ती लावली. माज्या बहिणीचं रान गेलं. ही ढाल कशाची, मला कळना."

मी साहेबांकडे बघितलं. मग कुठल्या तरी टेबलावरून टाळ्या सुरू झाल्या आणि सगळे उठून उभे राहिले. सूत्रसंचालिका म्हणाली, पाहा, केवढी ही विनम्रता. साहेबांनी आबांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. आबा टाळ्या संपेपर्यंत तिथेच उभे होते. त्यांना वाटत होतं, आता कोणी तरी रागावेल. परत येताना बसमध्ये त्यांनी मला विचारलं, बाई, लोकं रागावत का न्हाईत? मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, आबा, झोपा जरा. मला लाज वाटत होती आणि ती मी त्यांच्यावर काढली.

त्यानंतर कार्ल्यात लोक म्हणायला लागले की आबांचं डोकं फिरलं. पावसाच्या अखेरीला ते खाडीवरून पोतंभर तिवराच्या बिया घेऊन आले होते आणि घरामागे, जिथे भाताचं रोप टाकतात त्या वाफ्याशेजारी, त्यांनी त्या पिशव्यांत लावल्या. झाडं गोड्या पाण्याला सोकावली तर खाली गेल्यावर मरतील, म्हणून त्यांना मीठ. किराणा दुकानातून खडेमिठाची पोती यायला लागली. बादलीत मीठ ढवळायचं, बोट बुडवून जिभेला लावायचं, तोंड वाकडं करायचं आणि आणखी एक मूठ टाकायची. शेजारी भांडायला आले की तुझं खारं पाणी आमच्या रानात झिरपेल. त्यांनी भोवतीनं चर खणला आणि खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला. लेणी बघायला आलेली माणसं वाकडी वाट करून मिठाची शेती बघायला यायची. मी एकदा गेले तेव्हा मलाही त्यांनी बोट चाटायला लावलं आणि म्हणाले, बहिणीच्या खाडीपरमानं झालंय का सांगा. मी कधी खाडी चाखली होती? तरी म्हटलं, झालंय.

पुन्हा जून आला. पुन्हा बस निघाली. पण आबांनी साहेबांना स्पष्ट सांगितलं होतं की पल्याडच्या तीराला एक निळा टी-शर्ट दिसला तर मी आडवा पडीन. मोठं धर्मसंकट. रोपं आलेली, बॅनर छापलेला. शेवटी रिसॉर्टच्या मालकानं तोडगा काढला आणि खारफुटी त्याच्या लॉनवर, स्विमिंग पुलाच्या कडेनं लावली गेली. मागे समुद्र दिसत होता. फोटो उत्तम आले.

मी त्या बसमध्ये नव्हते. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा खोटं बोलून आजारपणाची रजा टाकली आणि कार्ल्याहून निघालेल्या टेंपोत आबांच्या शेजारी बसले. मागे ताडपत्रीखाली तिवरं. बॅनर नाही, दोरी नाही. गावानं श्रमदानानं बांध पुन्हा घातला होता. बहिणीचा नवरा पुढे चालत होता आणि तो दाखवेल तिथेच, इथे दोन, तिथे एक, मध्ये मोकळं, असं लावत गेलो. चिखलात पुन्हा बारीक बारीक कोंब आलेले होते. त्यांच्याजवळ कोणी पाय टाकला नाही. आबा मला दर पावलाला सांगत होते, बाई, बघून. तीन वर्षं लागतील, बहिणीचा नवरा म्हणाला, आणि रान गोडं व्हायला किती ते सांगता येत नाही.

दुपारी बहिणीच्या घरी जेवायला बसलो. भात वाढला आणि मी वास ओळखला. इंद्रायणी. घाटाखालच्या त्या घरात मावळचा तांदूळ शिजला होता. बांध गेल्यापासून आबा दर दोन महिन्यांनी पोतं आणून टाकत होते, हे मला तिथे कळलं. आणि हेही कळलं की तेव्हापासून त्यांनी त्या घरात घास घेतला नव्हता. भाऊबीजेला ओवाळून घेतलं, पाणी पिऊन उठले. आताही ते पायरीवर बसून होते, भूक न्हाई म्हणत.

बहीण ताट घेऊन बाहेर गेली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवून समोर बसली.

"जेव दादा. आमच्या रानचा असता तर लाजायचं. ह्यो तुज्याच रानचा हाय."

आबांनी ताट जवळ ओढलं. मग कालवायला लागले. ते जेवत होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसत नव्हते, आणि ती तिथून हलली नाही. त्यांचं अर्धं ताट झाल्यावर ती आत आली, भाताचं पातेलं उचललं आणि माझ्यासमोर बसली. मी नको म्हणत होते.

"घ्या बाई," ती म्हणाली. "तुमी बी व्हताच की त्या दिवशी."

मी ताट पुढं केलं.